अडलेला शब्द

तौनोने भिंग त्या शब्दावर धरलं, ओठ हलवत तो दोनदा वाचला आणि पुस्तक फटकन मिटलं.

"पोरगी लिहितेय, मी रिझर्व्ह्ड होतो."

समोर औने मोजा विणत बसली होती. ती शेजारीण. राउमा या त्यांच्या बंदरगावातल्या शाळेत तिने आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. दर मंगळवारी दुपारी ती त्याच्याकडे कॉफीला यायची आणि त्याचे अडलेले शब्द सोडवून द्यायची.

"मग?"

"हॉटेलात टेबलावर पाटी असते ना, तसं. दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेला. माझं बाहेर कुठे काही होतं, असं वाटतं की काय हिला?"

औने इतकी हसली की सुईवरचे टाके सुटले. "तुझ्याकडे कोण बघणार होतं रे? अबोल, असा अर्थ आहे त्याचा. मनातलं मनातच ठेवणारा. ते सांगायला कादंबरी कशाला हवी, अख्ख्या बंदराला ठाऊक आहे!"

तौनोने पुस्तक पुन्हा उघडलं आणि समासात पेन्सिलीने अर्थ लिहिला.

कादंबरी त्याच्या मुलीने इंग्रजीत लिहिलेली होती. आई गेली त्याच वर्षी हेन्ना एडिनबरोला निघून गेली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. भांडण असं झालंच नव्हतं. भांडायलासुद्धा दोघांनी तोंड उघडावं लागतं. वाढदिवसाला तिचा फोन येई आणि तिकडचं हवामान, इकडचं हवामान सांगून संपे. पुस्तक मात्र तिने पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी न जोडता. तौनोने जन्मभर बंदरावर क्रेन चालवली होती. त्याचं इंग्रजी म्हणजे खोक्यांवर छापलेले चार शब्द.

"आपल्या भाषेत येईल की वर्षभरात," औने म्हणाली.

"तिने मला हे पाठवलंय," तौनो म्हणाला आणि पान उलटलं.

एप्रिलात खाडीतला बर्फ फुटला, तेव्हा तो निम्म्याच्या पुढे पोचला होता. तिथे आईच्या दफनाचा दिवस आला. पाहुणे गेलेले. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. बाप अंगातला काळा सूटही न बदलता पाळीवर निघून जातो.

हे खरंच घडलं होतं. त्या दिवशी क्रेनच्या केबिनमध्ये चढून तो आठ तास नुसता बसून होता. मुकादम खालून एकदा बघून गेला. हे तौनोने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते पान त्याने दोन दिवस वाचलं. रविवारी न्याहारी उरकल्यावर त्याने फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. एका शब्दावर अडलोय."

पलीकडून सावकाश, "तुम्ही वाचताय?"

"एकशे चाळिसावं पान. खिडकीपाशी ती मुलगी काय करते? इयर्न्ड की काय लिहिलंयस."

"शब्दकोशात बघा ना, बाबा."

"तू लिहिलंयस. तू सांग."

"इंग्रजीत लिहायला सोपं होतं ते."

"मला इंग्रजी कुठे येतं? आपल्या भाषेत सांग."

तिने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "म्हणजे... वाट बघणं. पण नुसती नाही. आतडं तुटेल इतकी. तुम्ही कोपऱ्यावरून मागे फिराल असं मला वाटत होतं, बाबा. सकाळपर्यंत वाटत होतं."

तौनोचा अंगठा पानाच्या कडेवर स्थिर होता. अंगठ्याखाली, त्या शब्दाशेजारी, त्याच्याच हातचं बारीक अक्षर होतं. अर्थ त्याने शुक्रवारीच शोधून लिहिला होता.

"मी त्या दिवशी एकही खोकं उचललं नाही," तो म्हणाला. "नुसता वर बसून होतो."

"काय?"

"वेळ आहे का तुला?"

"आहे," हेन्ना म्हणाली, आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.