नऊ हजार वाक्यं आणि एक प्रश्न

मी एक जुना, टोपण हरवलेला पेन ड्राइव्ह आहे. मित्रांनो, माझा जीव अंगठ्याएवढा, पण स्वभाव असा उतावळा की नुसतं पडून राहायचं म्हटलं तरी घालमेल होते. कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो. माझा निळा दिवा लुकलुकला आणि पाठीवर 'वेगवान' असा शिक्का बसला. त्या शब्दाचा मला भारी अभिमान. पुढे त्याच शब्दापायी किती बोलणी खाल्ली, ते आता ऐका.

मला विकत घेतलं भाऊजींनी. घरात त्यांच्या वहिनी त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनी निवृत्त शिक्षिका. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या शाळेसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचायच्या, आणि भाऊजी ते संगणकावर रेकॉर्ड करायचे. वहिनींची रीतच निराळी, एक वाक्य वाचलं की एक फाइल. मध्येच ठसका लागला, तर तेवढंच वाक्य पुन्हा वाचायचं.

"अहो वहिनी, वाक्याला फाइल? उद्या स्वल्पविरामाला मागाल!" भाऊजी कुरकुरत.

"मागेन. तुम्ही काढून द्या," वहिनी म्हणत.

दर आठवड्याला मी एक धडा शाळेत पोचवत असे. शंभर-दीडशे वाक्यं म्हणजे मला काहीच नाही. एकही वाक्य गळलं नाही, असा शाळेतून निरोप आला की मी फुगून जायचो.

मग वहिनींच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहील की नाही, राहिला तर कसा, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. वहिनींनी पदर खोचला आणि इतिहासाचं अख्खं पुस्तक तीन आठवड्यांत वाचून काढलं. शेवटचं वाक्य झालं त्या दिवशी दुपारचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, आणि वाचन संपल्यापासून तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. चार वाजता शाळेची गाडी येणार. मुलांची परीक्षा आठ दिवसांवर, आणि उद्यापासून या घराला कुलूप. पुस्तक गेलं तर आजच, नाहीतर नाही.

भाऊजींनी मला कीबोर्डच्या कडेच्या खाचेत खुपसलं. वाकलं की त्यांची कंबर धरते, म्हणून त्यांची ही नेहमीची सोय. पडद्यावर आकडा आला, पाच तास! भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"पाच तास? वेगवान म्हणे! गोगलगाय बरी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे, तळपाय असते तर गेली असती. कीबोर्डच्या बोळातून नऊ हजार फाइली एकेक करून येताहेत, त्यात माझा काय दोष? भाऊजींनी मला उपटलं, तोंडात फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं, पुन्हा तिथेच खुपसलं. साडेपाच तास! "नवाच आणतो," असं म्हणत ते चपला शोधू लागले. माझा जीव टांगणीला लागला.

वहिनी उठल्या. टेबलाखाली शिरल्या आणि मला संगणकाच्या पाठीमागच्या खाचेत थेट लावलं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! तरीही तीन तास. घड्याळात पावणेदोन झाले होते. मग वहिनींनी कागदावर लिहिलं आणि भाऊजींसमोर धरलं. भाऊजींनी मोठ्याने वाचलं, "नऊ हजार पाहुण्यांना दारात एकेकाचं नाव विचारत बसलात, तर जेवायला कधी बसणार? सगळ्यांचा एक गठ्ठा करा."

"झिप! अहो, मला कसं सुचलं नाही?" भाऊजी म्हणाले.

गठ्ठा बांधून व्हायला तीन वाजून गेले, कारण तो संगणकही वयाने थकलेला. तोवर मी रिकामा बसून तडफडत होतो. शेवटी गठ्ठा निघाला आणि मी तो घटाघटा प्यायलो. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडी आली होती, तीही दहा मिनिटं आधी.

"आलो, आलो!" भाऊजी ओरडले. पडद्यावर काम संपल्याचं दिसत होतं. पण मित्रांनो, पडदा उतावळा असतो, अगदी माझ्यासारखा. माझ्या पोटात शेवटची वाक्यं अजून उतरत होती, दिवा लुकलुकत होता. भाऊजी कंबर विसरून खाली वाकले. त्यांची बोटं माझ्या पाठीला लागली.

"थांबा!"

वहिनी ओरडल्या होत्या. भाऊजी जागीच थिजले. मग वहिनींकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी, बोलायचं नव्हतं हो तुम्ही," ते एवढंच म्हणाले. दिवा शांत झाल्यावर त्यांनी मला रीतसर बाहेर काढलं.

शाळेत गठ्ठा सुटला, तेव्हा नऊ हजार वाक्यांतलं एकही गळलेलं नव्हतं. माझं कौतुक झालं. पण त्या ओरडण्याने वहिनींच्या घशाचं आणखी काही बिघडलं का, हा विचार मला अजून खातो. परत आल्यावर मी महिनाभर खणात पडून होतो. शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या वहिनींच्या पावलांचा आवाज बाहेरून येई, त्यांचा मात्र नाही.

काल खण उघडला. वहिनी माइकसमोर बसल्या. आता त्यांचा आवाज खरखरीत झालाय आणि खोल गेलाय. पहिल्यांदा बोलल्या, ऐकलं, पुसून टाकलं. दुसऱ्यांदाही पुसलं. तिसरी फाइल त्यांनी ठेवली. भाऊजींनी ती माझ्यात भरली आणि दिवा शांत झाल्याची खात्री करून मगच मला बाहेर काढलं.

मित्रांनो, आम्हाला जपा. घाईने उपटू नका, उन्हात टाकू नका, पाण्यात भिजू देऊ नका. आमच्या पोटात कुणाचं काय असतं, ते वरून दिसत नाही. आत्ता मी पाकिटात, शाळेच्या वाटेवर आहे. माझ्याजवळ एकच फाइल आहे. वहिनी तीत म्हणतात, "मुलांनो, माझा आवाज आता असा झालाय. असा चालेल का तुम्हाला?"