पोरींमागचे भाऊ

माझ्या भावाला, स्वप्निलला, आणि मला वेड एकच, जपानी ॲनिमेचं. त्यातही हॅरेमवाल्या मालिकांचं, म्हणजे एका बावळट पोरावर चार-पाच पोरी जीव टाकतात त्या. एक सारखी भांडते, म्हणजे तिचं प्रेम. एक पुस्तकातून मान वर काढत नाही. एक लहानपणची मैत्रीण असते, ती हमखास हरते. आणि तो गडी कुणालाच हो म्हणत नाही, कारण हो म्हटलं की मालिका संपली. मी त्याला शिव्या घालत बघायची.

पण हल्ली मला वाटू लागलं होतं, माझ्या भावानंही तसंच राहावं, कुणालाच हो म्हणू नये. पुसेगावात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळता मिळत नाही. म्हणून ग्यानबामामांनी साटंलोटं काढलं. ज्या घरची मुलगी आमच्याकडे येईल, त्याच घरच्या मुलाला मला द्यायचं. तीन स्थळं आली. आज मामा आमचा होकार-नकार विचारायला येणार होते, आणि सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. दूध उतू गेलं. आई करवादली, मीही तिच्यावर करवादले.

स्वप्निल बाजेवर पडून मोबाइलवर तिघींचे फोटो मागे-पुढे करत होता. खूश होता गाढव.

"कळमनुरीची रागीट दिसती," तो म्हणाला. "वारंग्याची शांत. तिसरी हसरी. सगळ्याच बऱ्या हायेत."

"त्यांचे भाऊ पाहिले का?"

"कोणाचे भाऊ?"

मी हातातला तांब्या खाली आदळला. ॲनिमेतल्या पोरींमागे कुणी भाऊ उभा नसतो. इथं प्रत्येकीमागे एक होता, तो माझ्या वाट्याचा, आणि त्याचा फोटो मला कुणी दाखवलाही नव्हता.

मामा आले, पाणी प्यायले. "बोल रे, कोणाला व्हय म्हणू?"

स्वप्निलनं आधी छताच्या पत्र्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तुमीच सांगा. मला काई कळून न्हाई राहिलं."

"मामा, तिघायलाबी न्हाई म्हणा," मी म्हणाले. "मला असं लगीन न्हाई करायचं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग तुझ्या भावाचं जमायचं न्हाई, पोरी."

मी स्वप्निलकडे पाहिलं. तो माझ्या बाजूनं बोलेल अशी मला खात्री होती. निदान नेहमीसारखा घुटमळेल तरी.

शर्टाचा रंगही स्वतः न ठरवणारा माझा भाऊ क्षणभर थांबला नाही.

"कळमनुरीची," तो म्हणाला. "मामा, आत्ताच फोन लावा."