उष्टी हळद

मला एका जागी बसवत नव्हतं. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या टाकून झाल्या होत्या, बाया गाणी म्हणत होत्या, कूलर घरघरत होता, आणि मी उगाच आतबाहेर करत होते. "निकिता, पायाले भिंगरी लागली काय वं तुह्या?" आईने विचारलं. काय सांगणार? दिग्रसहून नवरदेवाची उष्टी हळद निघाली होती. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या, अर्पिताच्या तोंडाला लागली की काय होणार, हे त्या मांडवात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

अर्पिता सावळी. आमच्या घरात सगळेच सावळे, कपाशीच्या वावरात वाढलेले. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मग हातात फोन आला आणि त्या फोनमध्ये एक बाई आली. बाई रोज गालावरून बोट फिरवायची आणि काचेसारख्या त्वचेचं रहस्य सांगायची. तिच्या गालाला छिद्र नाही, पुरळ नाही, साधी लव नाही. "अवं, हे बाई हाय का चिनीमातीची बशी?" मी म्हणायचे. अर्पिता हसायची आणि पुढचा व्हिडिओ लावायची. हळूहळू तिचं हसणं कमी झालं. फोटो काढायचा म्हटलं की ती सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहायची. चुलतबहिणीच्या लग्नाला डोकं दुखतंय म्हणून आलीच नाही. चांगली हुंदडणारी पोरगी आरशासमोर चोरासारखी उभी राहायला लागली, आणि आई म्हणे वयच तसं असतं.

त्याच बाईकडून तिने क्रीमची एक डबी मागवली. पांढरी, वर ना कंपनीचं नाव ना काही. महिनाभरात पोरगी उजळली हो! आईने गल्लीभर सांगितलं की बदाम आणि दुधाचा गुण आहे. बायोडाटा गेला, दिग्रसच्या अमरच्या घरून होकार आला. पाहायला आले तेव्हा त्याच्या आईने, कांताबाईंनी, अर्पिताची हनुवटी धरून म्हटलं, "पोट्टी फोटोतल्यासारखीच हाय." त्या दिवशी अर्पिताचे पाय जमिनीवर नव्हते.

पुढे तोंडाची आग सुरू झाली. चुलीजवळ गेलं की गाल भाजायचे, उन्हात गेलं की भाजायचे. एक दिवस डबी चुकली की तोंड लालभडक आणि सुजलेलं. पुन्हा लावली की शांत. लग्नाच्या साड्या घ्यायच्या निमित्ताने ती माझ्या सासरी, लोहाऱ्याला आली आणि तोंडावरचा स्कार्फ सोडून रडायलाच लागली. मी तिला तसंच उचलून यवतमाळला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डबी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "यात स्टिरॉइड असणार. कातडी पातळ झाली आहे. मी सांगते तशी हळूहळू बंद करायची. आधी जास्त बिघडेल, मग काही महिन्यांनी सुधारेल. तोवर तोंडाला दुसरं काही लावायचं नाही. हळदसुद्धा नाही."

परतीच्या एसटीत अर्पिता खिडकीशी बसली होती. डोळे तेवढे उघडे.

"लग्न होईस्तोवर लावीन, ताई. मंग सोडून देईन."

"आणि हळद?"

"दोन मिनिटांचं काम हाय. सहन करीन."

"अवं, अमरले सांगून टाक ना."

"काय सांगू? त्याईनं हा चेहरा पाह्यला. हाच पसंत केला. आता दुसरा घेऊन कशी जाऊ त्याइच्या घरी?"

मला इतका संताप आला की समोरच्या सीटचा दांडा मी दोन्ही हातांनी आवळून धरला. त्या फोनातल्या बाईला एकदा आमच्या वावरात आणून भर उन्हात उभी करावी, असं वाटलं. पण ती कुठे राहते, खरी तशी दिसते का, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी आईला कोपऱ्यात ओढलं. "अर्पिताच्या गालाले हळद नको लावू देऊ. तिची कातडी जळून राह्यली."

"कायले अभद्र बोलतं? हळदीनं कोणाची कातडी जळते काय?" आई वैतागली. "अन् इहीणबाईले काय सांगू, हात लावू नका म्हणून?" आणि ती तांदूळ निवडणाऱ्या बायांकडे निघून गेली.

दिग्रसची गाडी आलीच. कांताबाई पितळी वाटी घेऊन उतरल्या, मागून अमरची बहीण फोन उंच धरून. तिला रील करायचं होतं. अर्पिता पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, तोंडावर मेकअपचा थर. मी तिच्या मागे उभी.

पायाला हळद लागली, गुडघ्याला लागली, हाताला लागली. मग कांताबाईंनी दोन्ही हातांनी तिचे गाल माखले. अर्पिता हलली नाही. फोनकडे पाहून हसलीसुद्धा. पण पाटाची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"माहेर सुटून राह्यलं ना बिचारीचं," एक बाई म्हणाली. बाकीच्यांनी पदर डोळ्याला लावले. माझी आईसुद्धा रडायला लागली.

"वहिनी, किती मस्त रडल्या तुम्ही!" अमरची बहीण खूश झाली. "आई, पुन्हा एक वेळा लाव. हळूहळू लाव, डोळ्यातलं पाणी दिसलं पाह्यजे."

कांताबाईंनी पुन्हा वाटीत बोटं बुडवली. मी पुढे झाले, पण त्याआधीच अर्पिताने त्यांचं मनगट धरलं.

"नका लावू जी. जळते."

"काय जळते?"

शेजारी नहाणाच्या पाण्याचा हंडा होता. अर्पिताने त्यातून लोटा भरून स्वतःच्या तोंडावर ओतला. आणखी एक ओतला. हळद वाहिली, तिच्याखालचा मेकअप वाहिला, आणि तिचे गाल दिसले. लाल, सुजलेले, सोललेल्या ढोपरासारखे. गाणी थांबली.

आई धावली. मला वाटलं पोरीला जवळ घेईल. तिने आधी फोनवर हात ठेवला. "बंद कर ना वं थे!"

"राहू दे, आई." अर्पिताने आईचा हात बाजूला केला. "चालू राहू दे. हे अमरले पाठवा. नवरी म्हणून हाच चेहरा येणार हाय म्हणा."

"पण हे झालं काहून?" कांताबाईंचा पिवळा हात तसाच हवेत होता.

"गोरी होयाले क्रीम लावली जी. फोटोत तुमाले पसंत पडली ना, थे क्रीमच होती."

अमरच्या बहिणीने कांताबाईंकडे पाहिलं, मग अर्पिताकडे, आणि फोनवर अंगठा दाबला. व्हिडिओ गेला. सगळ्या बाया त्या फोनभोवती गोळा झाल्या. आई देवाचं नाव घ्यायला लागली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मान लांब करून पाहत होते. अमरने व्हिडिओ पाहिल्याची खूण आली, तरी उत्तर येईना.

एकटी अर्पिता तिकडे पाहत नव्हती. डोळे मिटून, तोंड वर करून ती पाटावर बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "थो काय म्हणते थे मंग पाहू. आधी माठातलं पाणी आण. लय आग होऊन राह्यली."

मी माठाकडे पळाले.