साहेबाची कथा

एक इंग्रज लेखक सहा महिने लिहायला म्हणून बेंगळुरात येऊन राहिला होता. बासष्टच्या मार्चात, तो परत निघाला त्या दिवशी, चिकपेटेतल्या मराठी मंडळींनी त्याला निरोप दिला. त्याचे दुभाषी विश्वासराव थोरल्या बहिणीला, सकवारअक्काला, मोठ्या हौसेनं घेऊन आले. साहेबानं इथं लिहिलेली म्हणून एक कथा वाचायला घेतली आणि विश्वासरावांनी ती ओळखली. नवऱ्यानं टाकलेल्या अक्कावर त्यांनीच लिहिलेली, मत विचारायला म्हणून साहेबाला इंग्रजीत करून दिलेली ती कथा होती.

"राव, आता यांना मराठीत सांगा," साहेब म्हणाला.

विश्वासराव उठले आणि आपलीच कथा साहेबाच्या नावानं सांगत गेले.

घरी जाताना अक्का म्हणाली, "माझं दुःख त्याला दिलंस होय रे?"