उपाशी वाकळ

लातूर जिल्हा झाला आणि ईश्वरप्पा पेंटरचं नशीब उघडलं. सरकारनं उस्मानाबादचे दोन तुकडे केले ते कारभार सोपा व्हावा म्हणून. पण शिरूर अनंतपाळात बसून नागम्मानं ठरवून टाकलं होतं, की हा सगळा खटाटोप आपल्या पोराला काम मिळावं म्हणूनच झाला. शाळा, दवाखाना, सोसायटी, जिथं म्हणून पाटी होती तिथं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जिल्हा लातूर' लिहायचं. वर्षभर तिच्या लेकाची बोटं पांढऱ्या रंगातून बाहेर आली नाहीत.

रंग संपला की ईश्वरप्पा हैदराबादला जायचा. तिथं स्वस्त पडतो, असं घरी सांगायचा. खरी गोष्ट निराळीच होती. रंगाच्या दुकानाशेजारच्या एका हॉलमध्ये त्यानं एकदा चित्रांचं प्रदर्शन पाहिलं, आत जायला पैसे लागत नाहीत हे त्याला कळलं, आणि तिथून गडी हातचा गेला. दोन डबे रंग आणायला तीन दिवस लागू लागले. परत आला की चित्रं, पुतळे, मातीची भांडी यांच्याबद्दल तो इतकं बोलायचा, की नागम्माला वाटे, याचं लग्न आता उरकून टाकलेलं बरं.

त्या हिवाळ्यात मात्र तो आला तो अंगणातूनच ओरडत.

"अव्वा, तुझी वाकळ बघितली मी! भिंतीला टांगलीया. वरून दिवा सोडलाय तिच्यावर."

नागम्मा ज्वारी पाखडत होती. "वाकळी काय मी एकटीच शिवते व्हय रे?"

"आप्पाचा लाल पटका हाय तिच्यात. माझी शाळंतली खाकी चड्डी हाय. अन् एक कोपरा उघडा हाय."

नागम्माच्या हातातलं सूप खाली आलं. कोंबड्यांची चंगळ झाली, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

तिच्या घरची रीत अशी, की वाकळ शिवून होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग टाके घालून तो बंद करायचा. वाकळीचं पोट भरलं म्हणजे जो पांघरेल त्याचं पोट भरलेलं राहतं. उपाशी वाकळ कुणाच्या अंगावर घालायची नाही. नागम्माच्या आईनं ही रीत कधी मोडली नव्हती, तिच्या आजीनंही नाही. मोडली ती नागम्मानं, बाहत्तरच्या दुष्काळात. वाकळ पुरी झाली त्या दिवशी घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा एकच तुकडा होता, आणि तो तिनं वाकळीला न देता ईश्वरप्पाला दिला. कोपरा राहिला. तिनं विचार केला, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी खडी फोडायच्या कामावर हैदराबादहून कॉलेजची पोरं मदतीला आली. त्यांतली एक मुलगी, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, भर दुपारी उन्हात थडथड कापायला लागली. अंग तव्यासारखं तापलेलं. नागम्मा पळत घरी गेली, वाकळ घेऊन आली आणि तिनं पोरीला तिच्यात गुंडाळून पोरांच्या जीपमध्ये घातलं. जीप निघून गेली तेव्हा तिला कोपरा आठवला. ती जीपमागं ओरडत पळालीसुद्धा. बायका हसल्या. त्यांना वाटलं, ही वाकळीसाठी पळतेय.

अकरा वर्षं झाली. ती पोर जगली का मेली, कुणी सांगितलं नाही. घरात कुणाला ताप आला, की नागम्माला पहिली तीच आठवायची. आजारी लेकरावर आपण उपाशी वाकळ घातली, ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती.

"उद्याच्या गाडीनं जायचं," ती म्हणाली.

"अगं, मी आत्ता तर आलो!"

"मग बूट काढू नगंस."

सकाळी नागम्मानं भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, सुई-दोरा बटव्यात टाकला आणि मायलेक उदगीरहून हैदराबादच्या गाडीत बसले.

ईश्वरप्पा तिला थेट त्या हॉलवर घेऊन गेला. दाराशी नागम्मानं चपला काढल्या. लेक म्हणाला, इथं काढत नाहीत. ती म्हणाली, दिवे लावलेत, माणसं हळू बोलायलीत, अन् चपला काढत न्हाईत? तिच्या मागून आलेल्या दोघा सुटाबुटातल्यांनीही मुकाट्यानं बूट काढले.

आत वाकळ नव्हती. सगळीकडं मोठमोठी चित्रं. एका चित्रापुढं नागम्मा थबकली. काळाभोर लांबट गोल, त्यावर आडवे तीन पांढरे पट्टे. तिनं पदर सावरला, गळ्यातलं लिंग हातात घेतलं आणि चित्राला मनोभावे नमस्कार केला. कोपऱ्यात उभा असलेला दाढीवाला चित्रकार धावत आला. हे शहराच्या रितेपणाचं चित्र आहे, असं त्यानं हिंदीतून समजावून सांगितलं. ईश्वरप्पानं त्याचं मराठी करून दिलं.

"रितं कसं आसंल, बाबा?" नागम्मा म्हणाली. "भस्म लावलंय की तू."

चित्रकार आपल्याच चित्राकडं बराच वेळ बघत राहिला. त्या बिचाऱ्याचा तो दिवस काही सरळ गेला नसणार.

वाकळींचं प्रदर्शन परवाच उतरवलं होतं. कुठं नेलं, हे तिथल्या चौकीदाराला ठाऊक नव्हतं. "किदर तो बी ले गए अम्मा, मालूम नै," तो म्हणाला. ईश्वरप्पानं मात्र खिशातून एक चुरगाळलेली वही काढली. तीत शहरातल्या झाडून सगळ्या प्रदर्शनांचे पत्ते होते. पोराचं हे वेड कधी कामाला येईल, असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

मग मायलेकांनी हैदराबाद पालथं घातलं. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर नुसती हातांची छायाचित्रं होती. नागम्मानं त्यातले विणकराचे हात ओळखले, कुंभाराचे ओळखले, आणि एका हाताकडं बोट दाखवून म्हणाली, ह्यानं जन्मात काम केलं न्हाई. तिथंही वाकळ नव्हती. पुढं एका कॉलेजात खुर्च्या मांडल्या होत्या. वाकड्या नळ्यांच्या, दोऱ्यांच्या, एक तर निव्वळ जाड पुठ्ठ्याची. पायांचे तुकडे पडलेल्या नागम्मानं सरळ पुठ्ठ्याच्या खुर्चीत बैठक मारली. ईश्वरप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. पण खुर्ची करणारी मुलगी आनंदानं टाळ्या वाजवायला लागली. चार दिवसांत त्या खुर्चीवर कुणी बसलंच नव्हतं.

"पाठीला बरी हाय," नागम्मानं निकाल दिला. "पर उठताना हाताला कायतरी धराया पायजे."

मुलीनं ते लिहून घेतलं, आणि तिनंच पत्ता सांगितला. वाकळी सरकारी बागेतल्या जुन्या नवाबी कोठीत नेल्यात. आज शेवटचा दिवस. उद्या पेट्यांत भरून त्या जपानला जाणार.

नागम्मा त्या खुर्चीतून कशाला न धरता उठली.

कोठीच्या दालनात वीस-पंचवीस वाकळी टांगल्या होत्या. तिला शोधावी लागली नाही. लाल पटका, खाकी चड्डी, तिच्या इरकलीचे जांभळे काठ, आणि खाली उजव्या हाताला तो उघडा कोपरा. ती तिथंच उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. शेजारच्या कार्डावरचं इंग्रजी ईश्वरप्पानं हळू आवाजात वाचून सांगितलं. कारागीर अज्ञात. जिल्हा उस्मानाबाद. एक कोपरा मुद्दाम अपुरा ठेवून मानवी जीवनाची अपूर्णता सुचवली आहे.

"काय सुचवलंय म्हनं?"

"अव्वा, नंतर सांगतो."

नागम्मा खाली मांडी घालून बसली, फडकं सोडलं, भाकरी काढली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिथला चौकीदार धावला.

"अम्मा, हात नक्को लगाव!"

"मेरीच है रे बाबा ये," नागम्मा म्हणाली, आणि ओवत राहिली. त्याचं काही चालेना, तेव्हा तो बाईसाहेबांना बोलवायला गेला.

आल्या त्या चांगल्या अंगानं भरलेल्या, चष्मा लावलेल्या, तिशीतल्या बाई. चौकीदार त्यांना सिंधु मॅडम म्हणत होता. कलेच्या कॉलेजात शिकवायच्या, आणि हे प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. त्यांनी भाकरी पाहिली, सुई पाहिली, आणि रागावायला तोंड उघडलं. पण नागम्मानं त्यांना बोलूच दिलं नाही.

"बाई, वाकळ ऱ्हाऊ द्या. आधी मला एवढं सांगा, हिच्यात गुंडाळून एक पोर नेली होती दुष्काळात. आमच्या शिरूरहून. ती जगली का?"

मॅडमचा चष्मा हातात आला. त्या हळूहळू खाली बसल्या, भर दालनात, जरीच्या साडीत.

"जगली," त्या म्हणाल्या. "मीच ती."

नागम्मानं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या कापणाऱ्या काटकुळ्या पोरीचं काही शिल्लक राहिलं नव्हतं, डोळे सोडले तर. तिनं अकरा वर्षांचं सगळं सांगून टाकलं. मिलोचा तुकडा, उघडा कोपरा, जीपमागं पळणं. "तुला उपाशी वाकळ दिली मी, बाय. माफ कर मला."

मॅडम आधी रडल्या आणि मग, नागम्माला कळेना का, खुदकन हसल्या.

"उपाशी कुठली, अम्मा? मला टायफॉईड होता. डॉक्टर पेजेशिवाय काही देत नव्हते. भाऊ चोरून उस्मानिया बिस्किटं आणायचा. ती लपवायची कुठं? याच कोपऱ्यात. दीड महिना रोज. म्हणून तर मी तो कधी कुणाला शिवू दिला नाही. आणि आता माझी मुलगी तिथं पेपरमिंटच्या गोळ्या लपवते, इथं प्रदर्शनात आली तरीसुद्धा. कालच दोन काढल्या मी."

"अन् ते कार्डावरचं?" ईश्वरप्पानं विचारलं.

"ते दिल्लीच्या तज्ज्ञांनी लिहिलं. मोठ्या माणसांपुढं बिस्किटांचं कसं सांगायचं?"

ईश्वरप्पानं तेवढ्यात कार्ड काढून घेतलंही होतं. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर त्यानं झोकदार अक्षरात लिहिलं: नागम्मा, शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. मॅडमनी खाली तेच इंग्रजीत लिहिलं आणि स्वतःच्या हातानं भिंतीला लावलं.

नागम्मानं कोपऱ्यात हात घातला. आत बोटांना बारीक बुकणा लागला, गोडसर वासाचा. तिनं बोटं हुंगली. मग भाकरीचा एक तुकडा मोडून आत सरकवला, वरून हात फिरवला, आणि कितीतरी वर्षांनी तिला छातीत मोकळं वाटलं.

ईश्वरप्पानं ओवलेली सुई पुढं केली. तिनं ती घेतली, दोरा काढून टाकला आणि सुई बटव्यात ठेवली.

"शिवणार न्हाईस?"

"जेवायलीय की ती अजून," नागम्मा म्हणाली. "पानावरनं उठवू नगं कुणाला."

मग तिनं उरलेल्या भाकरीचे चार वाटे केले आणि चौकीदारालाही खाली बसायला लावलं.