मागच्या खोलीचं कुलूप

माझा मोठा भाऊ कारणाशिवाय शिंकतसुद्धा नाही. म्हणून दादाने सभागृहाच्या मागच्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं, तेव्हा माझ्या बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं, "अहो, यात मोठ्या भाऊजींचा काय डाव असेल?" आणि मला तो प्रश्न अजिबात वावगा वाटला नाही.

त्या मागच्या खोलीत बायकोचा शिवणवर्ग चालतो. आजूबाजूच्या बायका येतात, शिकतात, झंपर शिवून चार पैसे मिळवतात. आमच्या घरात जागा म्हणाल तर मांजर आलं की माणसाला उठावं लागतं. पुढचा हॉल लग्नकार्याला लागतो, तेव्हा ही खोली गेली की वर्ग गेला, इतकं ते सरळ होतं. सभागृह सगळ्यांचं, पण समितीचा अध्यक्ष दादा, आणि दादापुढे समिती म्हणजे नंदीबैलांचा कळप.

सरकार दरवर्षी सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी अनुदान देतं. दादाने यंदाही अर्ज केला. मग एके दिवशी घरी येऊन चहाही न घेता म्हणाला, "तपासणीला साहेब येईपर्यंत वर्ग बंद ठेवा. मशिनी काढून पुढच्या हॉलमध्ये ठेवा."

"का?" बायकोने विचारलं.

"सांगतो ना. ठेवा."

झालं. ज्या माणसाला 'का'चं उत्तर देता येत नाही त्याच्या पोटात काहीतरी असतंच. त्यानंतर रोज दुपारी दादा एकटा त्या खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. मग ठोकल्याचा आवाज यायचा. बाहेर आला की केसांत पांढरी धूळ. मी विचारलं तर म्हणे, "उंदीर झालेत." उंदीर मारायला हातोडी लागते हे मला नवीन होतं.

त्यातच बायकोने दादाला मंडपवाल्याबरोबर पाहिलं. दोघं मागच्या खिडकीपाशी उभे राहून आत बोट दाखवत होते. आता मंडपवाल्याला जागा कशाला लागते? खुर्च्या, पडदे, खांब ठेवायला. गोदाम! बायकोचा चेहरा उतरला. "अनुदानातून हॉल चकचकीत करणार, आणि माझी खोली भाड्याने देणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला दादाचा असा राग आला की जेवण गेलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी दादा साहेबांना आणायला तालुक्याला गेला, मुक्कामी. त्याच दिवशी सकाळी, तो गेल्या गेल्या, आम्ही दोघं सभागृहात गेलो. मी रंगारी माणूस, पिशवीत पेचकस असतोच. कुलपाला हात लावला नाही, कोयंडाच काढला.

आत पाहिलं. छताचा निम्मा गिलावा खाली पडलेला. वर गंजलेल्या सळया उघड्या. भिंतीवरचे पोपडे खरवडून काढलेले. आणि कोपऱ्यात मंडपवाल्याचे जाड लाकडी खांब भिंतीला टेकवून ठेवलेले.

"सामान येऊनही पडलं," ती म्हणाली. "खोली मोडायला काढलीय, अहो. वापरण्यासारखी नाही असं दाखवायचं आणि मला हुसकायचं."

"बघतोच कसा हुसकतो," मी म्हणालो.

खांब आम्ही मागच्या अंगणात टाकून दिले. वर्गातल्या बायकांनाही बोलावलं. कुणी घमेली उचलली, कुणी राडारोडा झाडला. मी सिमेंट कालवून छत भरलं, वरून पुट्टी ओढली, पंखे लावून वाळवली आणि रंगाचे दोन हात दिले. खोटा विनय कशाला, काम झक्क झालं. दरवर्षी ती खोली मीच रंगवतो, कुठे काय झाकायचं ते हाताला पाठ आहे. संध्याकाळी मशिनी पुन्हा आत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले तेव्हा आत वर्ग चालू होता. मशिनींची खडखड चालली होती. दादा दारात आला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, चोरी उघडी पडली.

साहेबांनी भिंतीला हात लावला, बोटांकडे पाहिलं. "नवा रंग. दुरुस्ती झालेली दिसते. कुठल्या पैशातून केलीत?"

"आमच्या घरच्या," बायको ठसक्यात म्हणाली. "खोली ठणठणीत आहे साहेब. मोडायची काही गरज नाही."

साहेबांनी दादाकडे संशयाने पाहिलं. "अर्जात तर धोकादायक लिहिलंय." मोबाइलवर छताचे फोटो काढले, शेरा लिहिला आणि ते बाहेर पडले.

दादा खुर्चीवर बसला. ओरडला नाही, हेच मला चमत्कारिक वाटलं. छताकडे बघत म्हणाला, "मागच्या वर्षीही हेच साहेब आले होते. तेव्हा तू नुकतंच रंगवलं होतंस. सगळं छान आहे म्हणून निघून गेले. म्हणून यंदा पोकळ गिलावा काढून टाकला. आतल्या सळया दिसू देत त्यांना. तोवर पडू नये म्हणून टेकू द्यायला खांब आणले." मग बायकोकडे वळला. "छत तुमच्या वर्गाच्या डोक्यावर आहे, मंडपवाल्याच्या नाही."

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू रंगवायला धावला असतास. तुझ्या हातचं काम पोकळ आहे म्हटलेलं तुला कधी सोसलंय?"

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. बायकोने वर पाहिलं, मग खाली मशिनींवर वाकलेल्या बायकांकडे, आणि एकदम म्हणाली, "सगळ्या बाहेर चला. कापड राहू दे. आधी बाहेर."

मग ती रस्त्यावर धावली. साहेब गाडीत बसत होते. "साहेब, माझी चूक झाली. रंग कालच दिलाय. छत खराब आहे, खरवडून दाखवते."

साहेबांनी दार ओढून घेतलं. "बाई, मघाशी ठणठणीत होतं, आता खराब? उद्या तुम्ही ते खरवडून दाखवाल. मुद्दाम तोडलं नाही हे मी कशावरून मानू? पुढल्या वर्षी अर्ज करा." गाडी गेली.

ती परत आली आणि पायरीवर बसली. बायका तिच्याभोवती उभ्या. एकीने विचारलं, "बाई, उद्या किती वाजता यायचं?" मला इतकी लाज वाटली की तिच्याजवळ बसायचंही धाडस झालं नाही.

दादा खोलीत गेला आणि एक मशीन कमरेवर तोलत बाहेर घेऊन आला. "माझ्या घरच्या पुढच्या खोलीत मांडू," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीशी बोलतो मी. धाकट्या, बघतोस काय, दुसरं उचल."

तो रस्त्याला लागला. बायको त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग डोळे पुसले आणि हळू आवाजात मला विचारलं, "अहो, यात त्यांचा काय डाव असेल?"

मी तिला गप्प केलं. पण खरं सांगतो, मशीन उचलताना माझ्या मनातही तेच चाललं होतं.