मागच्या खोलीतली सवत

मागच्या खोलीतल्या यंत्राला सासूबाई पहिल्यापासून ‘सवत’ म्हणत. सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर तिथे विमानाचं अख्खं कॉकपिट उभं केलं होतं. दोन खुर्च्या, समोर मोठाले पडदे, आणि मधे बटणांचा एक छोटा संगणक. कुठून निघायचं, कुठल्या वाटेनं जायचं, कुठे उतरायचं, हे सगळं त्याला आधी सांगावं लागे. उड्डाण खोटं, पण नियम खऱ्या विमानाचे.

मग सासऱ्यांची नजर अधू झाली. मोठा पडदा दिसायचा, पण संगणकावरची बारीक हिरवी अक्षरं मुंग्यांसारखी पळायची.

“रविवारी एक जण येतोय. सगळं घेऊन जाईल,” असं म्हणून ते अर्ध्या ताटावरून उठले. छोटीला भरवता भरवता सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताटाकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटीला निजवून सून मागे गेली, तर सासऱ्यांच्या शेजारी सासूबाई उजव्या खुर्चीत! पायाशी लोकरीची पिशवी.

“अहो, सांगा. आधी काय करायचं?”

“अगं, तुला नाही जमायचं हे.”

“लग्नात तुमच्या आईही हेच म्हणाल्या होत्या. पुढे बोला.”

सासरे बोलत गेले. वाटेतल्या ठिकाणाचं नाव आधी संगणकाच्या तळाच्या ओळीत लिहायचं, मग कडेचं बटण दाबून वर जागेवर बसवायचं. एका बोटानं अक्षरं शोधत सासूबाई लिहीत होत्या. चुकलं की पुसून पुन्हा. स्वेटरचा बिघडलेला गळाही त्या अशाच उसवत, कपाळावर आठी न आणता. सून दारातच उभी राहिली. कपडे वाळत घालायचे राहिले ते राहिलेच.

“आता बघ, एका बटणावर दिवा लागलाय. ते दाबलं की बदल पक्का. तोवर नुसता विचार.”

“म्हणजे तुमच्या मुलासारखं,” सासूबाई म्हणाल्या. सुनेला हसू आवरेना.

पण शनिवारी घोटाळा झाला. उतरायची वाट निवडल्यावर ठिकाणांच्या यादीत मधेच रिकाम्या चौकटींची एक ओळ आली. सासूबाईंना वाटलं, वाचायला सोपं जावं म्हणून सोडलेली जागा असेल. त्या ओळीपाशी विमानाची वाटच संपली आणि ते वळायचं सोडून सरळ समुद्रावर निघालं.

“माणूस नाकासमोर चालला तर कौतुक करतात,” त्या पुटपुटल्या, पण चेहरा उतरला होता.

“मधे खंड पडला, अगं. पुढचं नाव उचलून त्या चौकटींत ठेवायचं असतं.” सासऱ्यांनी यंत्र बंद केलं. “राहू दे. उद्या जायचंच आहे ते.”

रविवारी माणूस यायच्या आधी सासूबाईंनीच सासऱ्यांना हाताला धरून आत नेलं. “एकदाच. मग खुशाल द्या.” सून छोटीला कडेवर घेऊन मागे उभी राहिली.

सगळं सुरळीत चाललं होतं. उतरायला थोडंच उरलं आणि सासरे म्हणाले, “वारा फिरला. उलट्या बाजूनं उतरावं लागेल. धावपट्टी बदल.”

सासूबाईंनी बदलली. पुन्हा तीच रिकामी ओळ! सुनेनं छोटीला घट्ट धरलं.

“थांबा, टाका सुटलाय,” सासूबाई म्हणाल्या. सुटलेला टाका खालून उचलावा तसं त्यांनी खालच्या ओळीतलं नाव उचललं आणि चौकटींत बसवलं. पडद्यावरच्या नकाशातली तुटलेली रेघ जुळली. बटणावर दिवा लागला. त्यांनी कुणाला विचारलं नाही, दाबलं.

विमान डौलात वळलं. समोरची पट्टी सासऱ्यांना स्पष्ट दिसत होती, आणि हात काही विसरले नव्हते. धाडकन चाकं टेकली. छोटीनं टाळ्या पिटल्या.

“हा दणका तुमचा हं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्याकडे सगळं नीट होतं.”

 सासरे चष्मा काढून नुसता पुसत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रिकामी खोकी घेऊन तो माणूस उभा. सून सासूबाईंच्या तोंडाकडे बघू लागली.

“माफ करा हो, उगाच हेलपाटा पडला तुम्हाला,” सासूबाई म्हणाल्या. “पण आमचं आत्ता कुठे जमायला लागलंय.”

“कोणाचं?” त्यानं गोंधळून विचारलं.

“माझं आणि सवतीचं.”

आतून सासऱ्यांची हाक आली, “अगं, येतेस ना? परतीची वाट कोण भरणार?”